ऑइल पेटत नाही म्हणता? मग हे एकदा वाचा

"ऑइल कुठं एवढं पेटतंय" हे वर्कशॉपमध्ये रोज ऐकतो, आणि ते अर्धं खरंय म्हणूनच जास्त डेंजर आहे. ६८ नंबरच्या साध्या हायड्रॉलिक ऑइलचा फ्लॅश पॉइंट २०० अंशांच्या वर असतो, म्हणजे तेवढं तापल्याशिवाय वर पेट घेण्याइतकी वाफच जमत नाही. पेट्रोलचा हाच आकडा उणे ४०च्या आसपास, म्हणून ते थंडीतही भडकतं.

तर पहिलं काम, नवीन ड्रम आला की सप्लायरकडून एसडीएस (सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाच्या धोक्यांची माहितीपत्रिका) मागा, नवव्या सेक्शनमध्ये फ्लॅश पॉइंट असतो, तो मार्करनं ड्रमवर मोठ्ठा लिहा. थिनर आणि ऑइल शेजारी ठेवलेत का ते तेव्हाच कळतं.

पण हा आकडा टेस्टच्या कपमध्ये शांत बसलेल्या ऑइलचा असतो, हे कुणी सांगत नाही. होजला (मशीनच्या ऑइलच्या रबरी पाइपला) सुईएवढं भोक पडलं की प्रेशरनं ऑइलचा धुक्यासारखा फवारा उडतो, ते बारीक थेंब २०० अंशांची वाट बघत नाहीत, जवळ भट्टी, डाय कास्टिंग मशीन किंवा वेल्डिंगची ठिणगी असली की झालंच. म्हणून तिथले होज गरम भागापासून लांबून फिरवा, मध्ये पत्रा लावा, जमेल तिथं फायर रेझिस्टंट फ्लुइड वापरा. आणि लीक हातानं शोधू नका राव, ती धार कातडीत घुसते, पुठ्ठा फिरवून बघा.

दुसरा घोळ भेसळीचा. पार्ट धुतलेलं पेट्रोल वेस्ट ऑइलच्या ड्रममध्ये ओतलं की वर लिहिलेला आकडा गेला कचऱ्यात. त्याला वेगळा डबा ठेवा. ऑइलचं कॉटन वेस्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, कारण फडकं वातीसारखं काम करतं, आणि जवसाच्या तेलाचं असेल तर ढिगात आपोआप तापून पेटू शकतं.

ऑक्सिजन सिलिंडरच्या रेग्युलेटरला ऑइल, ग्रीस अजिबात नाही, ऑइलचे हातमोजेसुद्धा नाही. हायप्रेशर ऑक्सिजनमध्ये ठिणगीशिवायही पेट घेतं.

आणि लागलीच आग तर आधी पंप बंद, नाहीतर फवारा चालूच राहतो. मग फोम किंवा डीसीपी (कोरड्या पावडरचं एक्स्टिंग्विशर). बादलीनं पाणी नाही, ते तळाला जाऊन उकळतं आणि पेटतं ऑइल तुमच्याच अंगावर उडवतं.