से की टेल, हिअर की लिसन: आधी मनातलं मराठी क्रियापद पकडा

माझी भाची इंटरव्ह्यूची तयारी करत होती तेव्हा रोज रात्री अर्धा तास आम्ही फोनवर फक्त इंग्लिशमध्ये बोलायचो, आणि रेंज गेली की ती मोठ्याने विचारायची, "मावशी, आर यू लिसनिंग मी?" तिला विचारायचं असायचं आवाज येतोय का, पण समोरच्याला ते ऐकू जातं "माझ्याकडे लक्ष आहे ना तुमचं?" असं, आणि फोनवरच्या इंटरव्ह्यूत हे टोचणारच.

मी तिला शब्दांच्या याद्या पाठ करायला लावल्या नाहीत. एकच सवय लावली, इंग्लिश शब्द शोधायच्या आधी मनात नेमकं कुठलं मराठी क्रियापद आहे ते बघायचं, कारण बरेचसे फरक आपल्या भाषेत आधीच आहेत. "ऐकू येणं" म्हणजे हिअर, म्हणून कॅन यू हिअर मी. "ऐकणं" म्हणजे लिसन, आणि कोणाचं ऐकायचं ते पुढे आलं की मध्ये टू हवाच, लिसन टू मी. तसंच "दिसणं" म्हणजे सी. "बघणं" आलं की मात्र थांबून विचार करा, फोटो, फळा, घड्याळ अशा गोष्टीकडे नजर वळवली तर लुक ॲट, आणि मॅच, मालिका, खेळणारी पोरं असं काहीतरी चालू असताना बघत बसलो तर वॉच. "छान दिसतेस" मधलं दिसणं वेगळं, ते यू लुक नाइस.

सगळ्यात जास्त घोळ से आणि टेलचा. म्हणणं म्हणजे से, सांगणं म्हणजे टेल, इथपर्यंत सोपंय, पण आपण "तो मला म्हणाला" असं सर्रास बोलतो ना, म्हणूनच "ही सेड मी" तोंडात येतं. टेलला माणूस थेट चिकटतो, ही टोल्ड मी. सेला माणूस जोडायचा तर मध्ये टू लागतो, ही सेड टू मी. खरं, खोटं, गोष्ट सांगायची असेल तर माणूस नसला तरी टेलच, टेल द ट्रुथ.

बॉरो-लेंडमध्ये "उसना" शब्द सोडून द्या, पुढचं घेणं-देणं बघा. घेणारा बॉरो करतो, देणारा लेंड करतो, त्यामुळे "पेन दे ना जरा" म्हणजे लेंड मी युअर पेन, किंवा स्वतःकडून विचारायचं तर कॅन आय बॉरो युअर पेन. आणणं-नेणं म्हणजे ब्रिंग-टेक, तिथे फारसं अडत नाही.

"बंद करणं" इथे मराठीची मदत होत नाही, कारण आपण दारही बंद करतो आणि पंखाही. दार-खिडकी क्लोज, पंखा-लाइट स्विच ऑफ किंवा टर्न ऑफ, नळ आणि गॅस मात्र टर्न ऑफच.

सराव असा करा, दिवसभरात खरंच बोललेली पाच मराठी वाक्यं रात्री वहीत लिहा, क्रियापदाखाली रेघ मारा आणि मग इंग्लिश करा. भाचीच्या वहीत पहिल्याच दिवशी होतं "आईला म्हटलं डबा भर", आणि तिने सेड लिहिलेलं. हे नुसतं म्हणणं नाही, काम सांगणं आहे, म्हणून आय टोल्ड आई टू पॅक माय टिफिन.