कॉम्बिनेटोरिक्स (शक्यता मोजण्याचं गणित) शिकायचंय? आधी दुबार मोजणी, म्हणजे एकच रचना अनेकदा मोजणं, पकडा

एनपीआर आणि एनसीआर (n वस्तूंतून r वस्तू क्रमाने मांडायचे आणि नुसत्या निवडायचे प्रकार) येतात असं धरतो. नसतील येत तर अकरावीचं पुस्तक उघडा, एक संध्याकाळ पुरे. मात्र ‘क्रम महत्त्वाचा तर पर्म्युटेशन, नाहीतर कॉम्बिनेशन’ हा मंत्र विसरा. त्यावर मार्क मिळतात, मोजता येत नाही.

१. छोटं गणित घ्या आणि सगळ्या शक्यता हाताने लिहा. ‘कमल’ची अक्षरं फिरवली की ६ रचना होतात, ‘नमन’च्या ३च: नमन, ननम, मनन.

२. मग आकडा वाढवा. भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) हेच केलंय. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म अदलाबदल करून २४ मूर्ती. संध्येतली केशव, नारायण, माधव ही २४ नावं त्यांचीच. शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं फिरवली की थेट ३६,२८,८००. ही यादी मात्र लिहायला बसू नका.

३. आता खरी मेख. ५ पुरुष, ४ महिला. तिघांची समिती, किमान एक महिला हवी. बहुतेक जण म्हणतात: आधी एक महिला निवडू (४ प्रकारे), उरलेल्या ८ जणांतून कोणीही दोघं (२८ प्रकारे), म्हणजे ११२. ऐकायला बिनतोड. उत्तर साफ चूक.

उत्तरसूचीत ‘८४ वजा १०, म्हणजे ७४’ (एकूण समित्या वजा फक्त पुरुषांच्या) दिसतं आणि पोरं ‘किमान म्हटलं की वजा करायचं’ एवढंच पाठ करतात. असं अजिबात करू नका. ११२ का चुकलं हे कळेपर्यंत पुढचं गणित हातात घ्यायचं नाही.

गणित लहान करा. अ, ब महिला, क, ड पुरुष, समिती दोघांची. त्याच रीतीने उत्तर येतं २ × ३ = ६. यादी लिहा: अब, अक, अड, बअ, बक, बड. अब आणि बअ एकच समिती! ‘आधी निवडलेली’ महिला असा शिक्का समितीवर नसतोच. तो आपण मनात मारलेला असतो. मूळ गणितात एक महिला असलेल्या ४० समित्या एकदा मोजल्या, दोन महिलांच्या ३० दोनदा, तीन महिलांच्या ४ तीनदा. ४० + ६० + १२ = ११२. हिशोब जुळला.

प्रत्येक उत्तराला हाच प्रश्न विचारा: तयार रचना समोर ठेवली, तर माझ्या रीतीने ती किती वाटांनी बनते? सगळ्या रचनांसाठी आकडा सारखा असेल तर त्याने भागा. सारखा नसेल तर भागून सुटत नाही, रीतच बदला.

४. कबुतरखान्याचं तत्त्व (खान्यांपेक्षा कबुतरं जास्त, तर एका खान्यात किमान दोन), समावेश-वगळणी (जास्तीचं मोजलेलं पद्धतशीर वजा करणं) वगैरे यानंतर. ते सोपं जातं.

सरावाला: ६ खेळाडूंच्या ३ जोड्या किती प्रकारे लावता येतील? ९० आलं असेल तर प्रत्येक मांडणी ६ वेळा कशी मोजली गेली ते शोधा. उत्तर १५.