पावसाळी वाऱ्यात ५० मीटर रायफलचा सराव

जून ते सप्टेंबर उघड्या शूटिंग रेंजवर पाऊस जेवढा छळतो, त्याहून जास्त वारा छळतो. पॉइंट टू टू (.२२ कॅलिबर) रायफलची गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची. ताशी ५ किलोमीटरचा आडवा वारा तिला ५० मीटरवर साधारण एक रिंग (निशाण्यावरचे एक गुण-वर्तुळ) सरकवतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, त्यामुळे नुसत्या झुळकेनेही दहाचा नऊ होतो.

नवख्यांची खोड म्हणजे प्रत्येक शॉटनंतर साईटच्या (नेम धरायच्या साधनाच्या) चाकाचे क्लिक फिरवणे. तोवर वारा बदललेला असतो आणि गट (गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) आणखी फाटतो. त्याऐवजी आधी पाच मिनिटे रायफल न उचलता फक्त वारा दाखवणारे फ्लॅग बघा. कोणता वारा वारंवार परत येतो? जोराचा नको, टिकणारा निवडा. त्याच वाऱ्यात साइटर (गुण न मोजले जाणारे सरावाचे शॉट) मारून साईट जुळवा आणि फ्लॅग तसाच दिसेल तेव्हाच शॉट सोडा. मध्येच बदलला तर रायफल खाली घ्या. प्रोनच्या (पालथे झोपून मारायच्या) ६० शॉटना ५० मिनिटे मिळतात, थांबायला वेळ असतो.

फ्लॅग १० आणि ३० मीटरवर असतात. जवळच्याकडे जास्त लक्ष द्या, कारण तिथे वळलेली गोळी पुढचे सगळे अंतर वाकडीच जाते. भिजलेला फ्लॅग मात्र जड होऊन लोंबतो आणि वारा पडल्याचा भास होतो. फ्लॅगची कोरडी पट्टी जवळ ठेवा. उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा उजवीकडे वळणाऱ्या) नळीतून उजवीकडून येणाऱ्या वाऱ्यात गोळी डावीकडे आणि किंचित वर जाते, डावीकडून येणाऱ्या वाऱ्यात उजवीकडे आणि खाली. तिरका गट दिसला म्हणून लगेच पोझिशनला (शरीराच्या ठेवणीला) दोष देऊ नका.

एका क्लिकने गोळी किती सरकते हे शांत हवेत मोजून ठेवा: पाच शॉट, मग एका बाजूला १० क्लिक, पुन्हा पाच शॉट. दोन्ही गटांच्या मध्यांतले अंतर भागिले १०.

आभाळ भरून आले की मागच्या साईटचा आयरिस (लहान-मोठे करता येणारे छिद्र) थोडा उघडा, उदाहरणार्थ १.१ वरून १.३ मिलिमीटर. काडतुसांची पेटी झाकलेली असू द्या. ओले काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या काडतूस बसायच्या जागेत) घालू नका, एखादा शॉट विनाकारण उंच-सखल जातो. नळीत पाणी गेल्याची शंका आली तर रायफल रिकामी करून, बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) काढून, नळी कोरडी केल्याशिवाय गोळीबार नाही, कारण अडथळ्याने नळी फुगू शकते. विजा चमकू लागल्या की रेंज ऑफिसरची वाट न पाहता रायफल रिकामी करून सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामे असल्याची खूण) घाला आणि त्याला कळवा.

घरी आल्यावर जॅकेट सावलीत, पंख्याखाली वाळवा. उन्हात कॅनव्हास आखडतो. रायफल ओल्या केसमध्ये रात्रभर ठेवली तर सकाळी बोल्टवर तांबूस ठिपके दिसतील.