ताग पेरण्याआधी तारखा उलट्या मोजा

हिरवळीच्या खतासाठी, म्हणजे कोवळा असतानाच मातीत गाडून कुजवायला, ताग पेरणं कुणालाही जमतं. ओल असली की चार दिवसांत रान हिरवं दिसतं. चुकतं ते गाडण्याच्या तारखेत. म्हणून तयारीच्या यादीत पहिलं काम बियाण्याचं नाही, कॅलेंडरचं आहे. पुढचं पीक कधी लावायचं ते आधी ठरवा आणि तिथून मागे मागे या.

एक एकर मध्यम काळ्या जमिनीत पूर्वहंगामी ऊस घ्यायचा आहे असं धरू. या हंगामाची लागण, म्हणजे लागवड, 15 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर. आपण 8 नोव्हेंबर पकडू. ओलाव्यात गाडलेला कोवळा ताग तीनेक आठवड्यांत बराचसा कुजतो आणि त्यातलं नत्र (नायट्रोजन) पिकाला उचलता येईल अशा रूपात त्याच सुमारास सुटू लागतं. म्हणजे गाडणी 15 ऑक्टोबरच्या आगेमागे. त्याआधी 45 दिवस ताग रानात उभा पाहिजे, म्हणजे पेरणी ऑगस्टच्या अगदी शेवटी. जूनमध्ये पेरून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गाडला तर ताग डोक्याएवढा होतो, बघायला छान वाटतो, पण सुटलेलं नत्र नायट्रेट होऊन पुढच्या दोन महिन्यांच्या पावसात मुळांच्या खाली झिरपतं, आणि पाणी तुंबलेल्या जागी वायू होऊन उडून जातं. उसाच्या वाट्याला उरतं थोडं. मेहनत वाया गेली असं मात्र कुणाला दिसत नाही, म्हणून हीच चूक दरवर्षी होते.

मग जून ते ऑगस्ट रान मोकळं ठेवायचं का? तेही नाही. उन्हाळाभर तापलेल्या मातीवर पहिला पाऊस पडला की मातीतले जिवाणू एकदम जागे होतात आणि नत्राचा मोठा हप्ता एका झटक्यात मोकळा होतो. सह्याद्रीच्या जंगलात त्याच दिवसांत रानहळदीसारखे कंद पालापाचोळ्यातून वर येतात, झाडांच्या बारीक मुळ्या हलू लागतात आणि सुटलेलं नत्र लगेच उचललं जातं. नांगरून ठेवलेल्या उघड्या शेतात ते झेलायला एकही मूळ नसतं. त्यामुळे 20 जूनपर्यंत मूग टाका. 65 ते 70 दिवसांत दुसरी तोडणी उरकते, पैसे हातात येतात आणि उरलेला हिरवा पाला तिथेच मिसळता येतो. मुगाचा बेवड, म्हणजे पुढच्या पिकासाठी रानात मागे राहणारा गुण, चांगला हे जुनी माणसं सांगतात ते याच कारणाने. अडचण एवढीच की मूग निघणं आणि ताग पेरणं यात जेमतेम चार-पाच दिवस मिळतात. तेव्हा पुढचं सगळं सामान आधीच घरात असायला हवं.

माती परीक्षणाचा नमुना मे महिन्यात घ्या, खतं पडायच्या आधी. रानात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी 20 सेंटिमीटर खोल इंग्रजी व्हीच्या आकाराचे खड्डे करा आणि खड्ड्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घमेल्यात घ्या. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती नको. सगळी मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरवा, सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीतून द्या. अहवालात तीन आकडे आधी बघा. सामू (पीएच) 8.5 च्या वर असेल किंवा जमीन चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट झालेली, असेल तर तागाचा नाद सोडून धैंचा हे दुसरं हिरवळीचं पीक घ्या. कृष्णाकाठच्या क्षारपड रानात आणि पाणी साचणाऱ्या खोलगट पट्ट्यातही धैंचाच. ताग दोन-तीन दिवस पाण्यात उभा राहिला की पिवळा पडून माना टाकतो. सेंद्रिय कर्ब (कार्बन) 0.5 टक्क्याच्या खाली असेल तर एका तागाने तो आकडा हलेल अशी आशा धरू नका. कोवळा हिरवा माल नत्र देतो, पण त्यातला कर्ब बराचसा हवेत जातो. कर्ब टिकवायचा तर खोडव्याचं, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाचं, पाचट न जाळता सरीत ठेवणं जास्त कामाचं. तिसरा आकडा स्फुरदाचा (फॉस्फरसचा), त्याचं खाली येतंच.

बियाणं मे-जूनमध्येच घेऊन ठेवा. ऑगस्टअखेर दुकानदार हात वर करतो. एरवी एकरी 25 किलो पुरतं, पण दिवस लहान होत जातात तसा ताग लवकर फुलतो आणि बुटका राहतो, म्हणून उशिराच्या पेरणीला 30 किलो धरा. विरळ पेरून बी वाचवण्यात फायदा नाही. विरळ ताग फांद्या फोडतो, बुंधा जाड होतो, आणि तो बुंधाच नंतर कुजायला त्रास देतो. पेरणीच्या आठवडाभर आधी 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा. चार-पाच दिवसांत 80 च्या वर उगवले तर ठीक, 65-70 असतील तर त्या मानाने बी वाढवा.

रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू, दर 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, म्हणजे 30 किलोला तीन पुड्या. तागाला चवळी गटाचं चालतं, धैंचाला त्याचं वेगळं लागतं, आणि सोयाबीनची उरलेली पुडी यातल्या कशालाच उपयोगी नाही. एक लिटर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड होऊ द्या; गरम द्रावणात जिवाणू मरतात. बी पोत्यावर पसरून द्रावणाने ओलं करा, वर पुडी चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. पुडीवरची मुदत वाचा. दुकानात पत्र्याखाली तापलेली पुडी मुदतीत असली तरी मेलेली असू शकते.

सिंगल सुपर फॉस्फेटच्या दोन गोण्या, म्हणजे 100 किलो, पेरणीपूर्वी मातीत मिसळा. त्यातून 16 किलो स्फुरद आणि साधारण 11 किलो गंधक जातं. स्फुरद कमी पडलं तर मुळांवर गाठी कमी धरतात. काळ्या चुनखडीच्या रानात दिलेला स्फुरद चुन्याशी बांधला जातो. तागात शिरलेला स्फुरद पाला कुजताना उसाच्या मुळाशी मोकळा होतो. हे 16 किलो लागणीच्या हप्त्यातून वजा करा.

पेरणीला वापसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी ओल, हवा. बी फोकून हलका कुळव फिरवा, दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल नको. पाऊस नसेल तर एक हलकं पाणी द्यायची सोय बघून ठेवा, आणि रानाच्या खालच्या अंगाला पाणी काढायचा चर आधीच मारा.

तिसाव्या दिवशी खुरपं घेऊन रानात जा. झाड उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. ढेकळासकट खणून पाण्यात हलवून धुवा. गाठ नखाने चिरली आणि आत गुलाबी-लालसर दिसलं तर हवेतलं नत्र बांधलं जातंय. आत पांढरी किंवा हिरवट गाठ म्हणजे काम बंद. अशा तागाने नत्र आणलं नाही, मातीतलंच फिरवलं, हे लक्षात ठेवून पुढे युरिया कापू नका. पानांवर केसाळ अळ्या दिसतील. थोड्या असतील तर फवारणीच्या फंदात पडू नये. पाला तरी गाडायचाच आहे.

गाडणीची वेळ दिवसांवर नको, खोडावर ठरवा. गुडघ्याएवढ्या उंचीवर खोड वाकवा. कट्कन तुटून रस दिसला तर तो कोवळा आहे. मोडलं तरी साल दोरीसारखी लोंबत राहिली तर उशीर झाला. कोवळ्या पाल्यात नत्राच्या साधारण पंधरापट कर्ब असतो, जून, म्हणजे राठ झालेल्या, दांड्यात चाळीसपट आणि वर. पंचविसाच्या वर गेलं की कुजवणारे जिवाणू स्वतःची भूक भागवायला मातीतलंच नत्र ओढतात आणि उसाचे कोंब पिवळे पडतात. पहिली पिवळी फुलं तुरळक दिसू लागली की थांबू नका. शेंगा धरेपर्यंत राहिलाच तर तो माल गुरांपुढे टाकू नका, तागाचं बी विषारी असतं.

गाडण्याआधी चार ठिकाणी एक मीटर लांब-रुंद चौकोनातला ताग कापून वजन करा. सरासरी जितके किलो, त्याच्या चौपट टन एकराला. सव्वा किलो भरला तर पाच टन, आणि हिरव्या तागात 0.43 टक्के नत्र धरलं तर साडेएकवीस किलो. त्यातलं सगळं पहिल्याच वर्षी मिळत नाही. पूर्वहंगामी उसाला हेक्टरी 340 किलो नत्राची शिफारस आहे, एकरी 136. लागणीचा 10 टक्क्यांचा हप्ता म्हणजे सुमारे 30 किलो युरिया. ताग कोवळा गाडला असेल तर एवढा हप्ता सोडायला हरकत नाही. दांडे जून झाले असतील तर हा हप्ता द्याच. त्यापुढचे हप्ते तागाच्या भरवशावर कापू नका.

ट्रॅक्टरवाल्याला 5 ऑक्टोबरलाच सांगून ठेवा. ताग हे मुळात दोरीचं पीक, उभ्या तागात रोटाव्हेटर घातला की साल शाफ्टला गुंडाळते आणि विळ्याने कापत बसावं लागतं. आधी जड फळी फिरवून ताग आडवा करा आणि ज्या दिशेने आडवा पडला त्याच दिशेने पलटी नांगर चालवा, 15 ते 20 सेंटिमीटर खोल. त्याहून खोल हवा कमी, पाला आंबतो. परतीच्या पावसाने रान ओलं झालं आणि आठवडाभर नांगर घालता येत नसेल तर विळ्याने वरचा अर्धा भाग छाटून तिथेच पडू द्या. खोड जून व्हायचं थोडं लांबतं. उलट माती कोरडी असेल तर गाडल्यावर एक पाणी द्या, नाहीतर महिन्याने नांगरताना ताग जसाच्या तसा वर येतो. पंधराव्या दिवशी एक खोड उकरून चिमटीत दाबा. चुरगळलं आणि पावसाळी मातीचा वास आला तर सरी पाडा. आंबूस वास आला तर आणखी आठवडा थांबा. अशा मातीत उसाच्या कांड्या सडतात.

कोकणात आणि मावळात भाताला हे वेळापत्रक लागू नाही, तिथे पाला बांधावरून येतो. गिरिपुष्पाचा, म्हणजे उंदीरमारीचा, ओला पाला हेक्टरी 10 टन, सोप्या हिशेबाने गुंठ्याला 100 किलो, लावणीच्या आठवडाभर आधी चिखलात तुडवायचा. बोटापेक्षा जाड काटक्या काढून टाका, लावणीत पायाला टोचतात. तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, राब भाजायची, म्हणजे त्या जागेवर पाला-काटक्या जाळायची, पद्धत तण मारते आणि राखेतून पालाश (पोटॅश) देते, पण नत्र आणि गंधकाचा बराच भाग धुरात जातो. शिवाय ऐन-किंजळ या झाडांचं कवळ, म्हणजे हिरव्या फांद्या, तोडणं जंगलाला पाचोळा गोळा करण्यापेक्षा महाग पडतं. झाड पान गाळण्याआधी त्यातलं नत्र आणि स्फुरद फांदीत परत ओढून घेतं. हिरवं पान तोडलं की ती सगळी शिदोरी आपण उचलून नेतो. त्यामुळे यंदा जूनच्या पहिल्या पावसात बांधावर गिरिपुष्पाचे मनगटाएवढे जाड, तीन फुटी दांडके लावून टाका, एक फूट जमिनीत, आणि वरच्या टोकाला तिरका छाट, म्हणजे पाणी साचून ते कुजणार नाहीत. पहिल्या वर्षी त्यांना कोयता लावायचा नाही.