नवा भुंगेरा सापडला? नाव ठेवण्याआधी या चुका टाळा

वळवाचे दोन पाऊस झाले की कोल्हापूर जिल्ह्यात भुंगेऱ्यांची झुंबड उडते. शेतकरी बाभळी-कडुनिंबाच्या फांद्या हलवून हुमणीचे भुंगेरे खाली पाडतो आणि रॉकेलच्या पाण्यात टाकतो. त्याच दिवसांत दाजीपूरला किंवा मसाई पठारावर कुणीतरी विद्यार्थी पांढऱ्या पडद्यावर दिवा लावून बसलेला असतो. रात्री ग्रुपवर फोटो येतो: "सर, हा नवीन आहे ना?"

असूही शकतो. जगात भुंगेऱ्यांच्या जवळपास ४ लाख प्रजातींचं वर्णन झालंय आणि सह्याद्रीतलं काम संपलेलं नाही. पण फोटोवरून हे ठरत नाही. शिवाय सापडणं आणि वर्णन करणं ही दोन वेगळी कामं. उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात तसाच भुंगेरा आला, तर तुमचा लेख वाचून "हा तोच" किंवा "हा तो नव्हे" हे त्याला सांगता आलं पाहिजे. बहुतेक लेख इथेच नापास होतात.

पुस्तकात नाही, म्हणजे नवा

सगळ्यात मोठी चूक हीच. शेणकिडे आणि त्यांच्या नात्यातल्या भुंगेऱ्यांसाठी आपल्याकडे अजून ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ ॲरो यांचे १९१०, १९१७ आणि १९३१ चे खंड उघडले जातात. खंड उत्तमच आहेत, पण त्यानंतर वर्णन झालेल्या प्रजाती त्यात कशा असणार? जुन्या ओळख-तक्त्याचा (एकेक लक्षण पडताळत नावापर्यंत नेणारा तक्ता) आणखी एक धोका असतो. तुमचा भुंगेरा त्यात नसला, तरी तक्ता तुम्हाला कुठल्या तरी नावापाशी नेऊन सोडतो. मग "नाव जुळलं, वर्णन जुळत नाही, म्हणजे नवा" असा निष्कर्ष निघतो.

आधी त्या जीनसमधल्या (जवळच्या प्रजातींचा गट) सगळ्या नावांची यादी करा, रद्द ठरलेली समानार्थी नावंही (एकाच प्रजातीला पुन्हा दिलेली) धरून. यादी कोल्हापूरपुरती नको. कोकण, कर्नाटक, निलगिरी, श्रीलंका सगळं घ्या, कारण भुंगेऱ्याला जिल्ह्याची हद्द कळत नाही. मूळ वर्णनं शोधा. बरीच जुनी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत फुकट मिळतात. भारतातल्या कितीतरी प्रजातींचे टाइप नमुने, म्हणजे ज्यांवरून नाव ठेवलं ते मूळ नमुने, लंडन-पॅरिसच्या म्युझियममध्ये आहेत. तिथल्या क्युरेटरना नेमक्या भागांचे फोटो मागा. उत्तराला वेळ लागतो, म्हणून ही पायरी गाळली जाते आणि पुढे तीच नडते.

नर एक, मादी दुसरी

ऑन्थोफॅगस या शेणकिड्यांत मोठ्या नराला ठसठशीत शिंग असतं. अळी असताना खाणं कमी पडलं तर त्याच प्रजातीचा नर लहान राहतो आणि शिंग नावापुरतं उरतं. मादीचं डोकं आणखी वेगळं. एकाच शेणाच्या पोवातून "तीन प्रजाती" काढणारे लोक आहेत. एकाच नमुन्यावर वर्णन करायला बंदी नाही, पण जमेल तर त्याच जागेचे आणखी नमुने पाहा.

हुमणीच्या भुंगेऱ्यांत उलटी अडचण. सगळे तपकिरी, सगळे सारखे. तिथे नराचं जननांग पाहिल्याशिवाय बोलूच नये. नमुना कोमट पाण्यात मऊ करायचा, पोटाच्या टोकाकडून अवयव काढायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणात साफ करायचा आणि वरून व बाजूने फोटो घ्यायचे. नंतर तो त्याच पिनेवर, ग्लिसरीनच्या छोट्या नळीत किंवा कार्डाला चिकटवून ठेवायचा. वेगळ्या डबीत "नंतर लावू" म्हणून ठेवलेला अवयव कुणाचा, हे पुढच्या पावसाळ्यात कुणालाच आठवत नाही.

डीएनए बारकोड (ओळखीसाठी वाचलेला डीएनएचा छोटा तुकडा) आधार म्हणून उत्तम, निकाल म्हणून कच्चा. अनुक्रम दोन टक्क्यांनी वेगळा आला एवढ्यावर प्रजाती उभी राहत नाही.

तीन पानं वर्णन, फरक शून्य

"शरीर लांबट अंडाकृती, रंग तपकिरी, पाय मजबूत." हे तर अख्ख्या जीनसला लागू आहे! प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९३० नंतरच्या नावाला, तो प्राणी इतरांहून वेगळा कसा हे सांगणारी लक्षणं शब्दांत द्यावी लागतात. म्हणून जवळच्या दोन-तीन प्रजाती नावानिशी घ्या आणि एकेका लक्षणावर समोरासमोर तुलना लिहा. मला विचाराल तर लेखातला हा परिच्छेद सगळ्यात आधी लिहावा. तो लिहिता आला नाही, तर लेख थांबवावा.

लेबल, कपाट आणि परवानगी

लेबलवर नुसतं "कोल्हापूर" लिहू नका. शहर की जिल्हा? रंकाळ्याचा काठ आणि गगनबावड्याचं जंगल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव हे सगळं हवं. बॉलपेन नको, अल्कोहोलमध्ये शाई धुऊन जाते.

होलोटाइप, म्हणजे नवं नाव ज्या एका नमुन्याला बांधलेलं असतं तो, कॉलेजच्या कपाटात ठेवू नका. आपल्या पावसाळ्यात बुरशी लागते, आणि ॲन्थ्रेनस नावाची चिमुकली जात वाळलेले नमुने पोखरून भुगा करते (तोही भुंगेराच!). जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीची माहिती नेमलेल्या संस्थेला देऊन नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. आपल्याला जवळचं म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पुण्यात आकुर्डीला असलेलं केंद्र. राधानगरी अभयारण्यातून गोळा करायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढा.

नावाची घाई

कोल्हापूरवरून नाव ठेवायचं तर जीनसचं लिंग बघा. होलोट्रिकिया स्त्रीलिंगी, ऑन्थोफॅगस पुल्लिंगी; दोन्हींत "कोल्हापुरेन्सिस" चालेल. ॲगोनम मात्र नपुंसकलिंगी, तिथे "कोल्हापुरेन्से". गुरुजींच्या नावाला शेवटी "आय", बाईंच्या नावाला "एई". स्वतःचं नाव देऊ नये, लोक हसतात.

लेख छापून यायच्या आत पेपरात बातमी देऊ नका. वर्णनाशिवाय छापलेलं नाव नियमात धरलं जात नाही, आणि ते तुमच्यासाठी राखूनही ठेवलं जात नाही. परिषदेतल्या गोषवाऱ्यात आलेलं नावही धरत नाहीत. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या जर्नलमध्ये छापत असाल तर झूबँकची (प्राण्यांच्या नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणी आधी करा आणि तिचा उल्लेख लेखातच असल्याची खात्री करा.

छापून झालं, आता चूक दिसली

लिंगाचा प्रत्यय चुकला असेल तर घाबरू नका. तो दुरुस्त होतो; लेखक आणि वर्ष तुमचंच राहतं. होलोटाइप कोणता आणि कुठे ठेवणार हेच लिहायचं राहिलं, तर नाव मुळात "उपलब्ध"च झालेलं नाही, म्हणजे संहिता ते धरतच नाही. सगळ्या अटी पाळून ते पुन्हा छापावं लागतं आणि तारीख नव्या लेखाची धरतात. प्रजाती जुनीच निघाली, तर दुसऱ्याने दाखवायची वाट न बघता समानार्थी असल्याचं स्वतःच छापा. आणि हे छापण्याआधीच परीक्षकाच्या लक्षात आलं असेल, तर लेख फेकू नका. जिल्ह्यातली पहिली नोंद असेल तर तशी मांडा, जननांगाचे फोटो जोडा. जुन्या वर्णनांत अनेकदा नेमकं तेच नसतं.