मॉडेल डिझेल इंजिनाचा सिलेंडर आणि पिस्टन घरच्या लेथवर कसा करावा

मॉडेल विमानांच्या छोट्या डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग नसतो, इंजेक्टरही नसतो. पिस्टनवर रिंगासुद्धा नसतात. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण हवेबरोबर आत ओढलं जातं आणि निव्वळ दाबाने तापून ईथर पेट घेतं. त्यामुळे दाब टिकला तरच इंजिन चालतं, आणि तो टिकवायचं काम सिलेंडर आणि पिस्टन यांच्यामधल्या दोन-तीन मायक्रॉनच्या फटीवर येतं. क्रँककेस दिसायला ओबडधोबड झाली, थंड ठेवणाऱ्या फिन्स कमी-जास्त जाडीच्या झाल्या तरी इंजिन कुरकुर करत नाही. या दोन भागांत मात्र सूट नाही, म्हणून इथे फक्त त्यांच्याबद्दलच लिहितो आहे.

उदाहरणाला १४ मिमी बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) आणि १६ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव) घेऊ. त्याचे २.४६ सीसी होतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधल्या काही जुन्या वर्गांना २.५ सीसीची मर्यादा आहे, त्यामुळे या मापाची भरपूर ड्रॉइंग्ज मिळतात. पहिलं इंजिन याहून लहान करू नये. एक सीसीच्या खाली प्रत्येक मायक्रॉन जास्त महाग पडतो.

काय लागेल

लेथ लहान असला तरी चालेल, पण स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये खेळ नको. बाहेरच्या मापासाठी एक मायक्रॉन वाचता येणारा मायक्रोमीटर घ्या. व्हर्नियर या कामात जवळपास निरुपयोगी आहे. सिलेंडरच्या नळीसाठी २५ मिमीचा ईएन१ए (सहज कापलं जाणारं मऊ पोलाद) बार, शिसं मिसळलेला मिळाला तर उत्तम, कारण त्याला सहज छान फिनिश येतं. पिस्टनसाठी बीड, म्हणजे ओतीव लोखंड हवं, एफजी २६० किंवा त्याच्या आसपासच्या ग्रेडचं. कोल्हापूर किंवा भोसरीकडे कुणी ओळखीचं असेल तर फाउंड्रीच्या आसपास तुकडे मिळतात. व्यायामाच्या जुन्या वजनांचं बीड वापरू नका. त्यात मध्येच कडक गाठी लागतात.

पोलादी नळीत बिडाचा पिस्टन ही जोडी जुनी आणि खात्रीची आहे. बिडात ग्राफाइट असतं, त्यामुळे तेल कमी पडलं तरी पिस्टन लगेच धरत नाही. नळी कडक करायची गरज नाही. कडक करताना ती वाकते आणि मग ग्राइंडिंग करावं लागतं.

नळी: सगळं एकाच बांधणीत

बार चकमध्ये सुमारे ५० मिमी बाहेर ठेवून बांधा. फेसिंग (टोक सपाट करणं), बाहेरचा १८ मिमी व्यास, चकच्या बाजूला २२ मिमीची कॉलर, आतलं भोक आणि शेवटी पार्टिंग (बारपासून तोडणं), हे सगळं जॉब न सोडता करायचं. बाहेरून टर्निंग करून नळी सोडली आणि बोअर करायला पुन्हा बांधली, तर तीन जबड्यांच्या दाबाने दोन मिमीची भिंत आत दबते. त्या अवस्थेत भोक अगदी गोल होतं. चक सैल केला की भिंत परत फुगते आणि भोकाला तीन कोपरे येतात. गंमत अशी की दोन टोकांत मोजणाऱ्या कुठल्याही साधनाला हे तीन कोपरे दिसत नाहीत, कारण सगळीकडे माप सारखंच येतं. ते कळतात ते इंजिन दाब धरत नाही तेव्हा.

आधी १२ आणि मग १३ मिमीचं ड्रिल सुमारे ४२ मिमी खोल घाला. पुढे बोरिंग बार, भोकात मावेल तितका जाड आणि शक्य तितका आखूड बाहेर काढलेला. टूलला बारीक दगडावर धार लावून घ्या. वेग मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आसपास, फीड बारीक. माप १३.९५ मिमीला आलं की कट न वाढवता तोच पास दोन-तीन वेळा फिरवा. बार थोडा लवचिक असतो, त्यामुळे राहिलेलं मटेरियल या मोकळ्या पासमध्ये निघतं. टूल काहीच कापेनासं झालं की थांबा. उरलेले चार-पाच शतांश मिमी लॅपिंगसाठी, म्हणजे बारीक पावडरने घासून माप आणण्यासाठी आहेत.

पोर्ट आधी, लॅपिंग नंतर

एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर पोर्ट (धूर बाहेर जायची आणि ताजं मिश्रण आत यायची भोकं) ड्रॉइंगप्रमाणे आत्ताच कापून घ्या. नळीच्या आत अॅल्युमिनियमचा घट्ट बसणारा खुंट घालून स्लिटिंग सॉने कापलं तर भिंत दबत नाही. कापताना आतल्या बाजूला बर (धातूची धारदार कड) उभा राहतो, म्हणून लॅपिंग हे शेवटचं काम ठेवायचं. पोर्टच्या कडा बारीक दगडाने किंचित गोलसर करा. फिन्सचं जाकीट नळीवर ठोकून बसवू नका. ते हाताने सरकेल इतपत सैल हवं, नाहीतर लॅप केलेलं भोक पुन्हा दबेल.

लॅप करणे

लॅप जॉबपेक्षा मऊ हवा, म्हणजे पावडरचे कण लॅपमध्ये रुततात आणि जॉबला घासतात. उलट झालं तर कण सिलेंडरमध्ये रुततील आणि इंजिन चालू असताना पिस्टन खात राहतील. अॅल्युमिनियमचा १३.९ मिमीचा दांडा घ्या, लांबी नळीपेक्षा थोडी जास्त. एका टोकापासून उभी चीर द्या, आत भोक पाडून आटे करा आणि निमुळता स्क्रू घाला. स्क्रू पिळला की लॅप फुगतो.

वाहनांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टचा दोन तोंडांचा डबा मिळतो. त्याची जाडी बाजू विसरून जा. सुरुवात बारीक बाजूने करायची, पुढे ६०० आणि शेवटी १२०० नंबरची अॅल्युमिनियम ऑक्साइड पावडर पातळ तेलात. प्रत्येक टप्प्याला नवा लॅप करा, जुन्यात जाड कण राहतातच.

लॅप चकमध्ये बांधा, वेग २००-२५० ठेवा आणि नळी हातात धरून सतत मागे-पुढे करा. हातमोजे घालू नका. पकड इतकीच ठेवा की लॅपने धरलं तर नळी हातातून फिरून सुटेल. आतल्या ओरखड्यांची तिरपी जाळी दिसली पाहिजे. नुसत्या गोल रेघा दिसत असतील तर तुमचा हात हळू चालतो आहे. नळी लॅपच्या टोकावरून एक तृतीयांशापेक्षा जास्त बाहेर काढू नका, नाहीतर भोकाची तोंडं पसरट होतात. अधूनमधून नळी उलटी करा.

नेमकं माप किती आलं याला फारसं महत्त्व नाही. १४.०० असो की १४.०२, पिस्टन त्यालाच जुळवायचा आहे. महत्त्व आहे गोलाईला आणि आकाराला. वरचा भाग चालू इंजिनात जास्त तापतो, आणि दाबही तिथेच लागतो. म्हणून पोर्टपासून खालचा भाग वरच्यापेक्षा पाच ते दहा मायक्रॉन मोकळा ठेवतात. शेवटच्या टप्प्यात खालच्या बाजूने जरा जास्त फेऱ्या दिल्या की हा टेपर येतो.

मोजण्याआधी भाग रॉकेलने धुवा आणि थंड होऊ द्या. हे वाटतं तितकं किरकोळ नाही. लॅपिंगने नळी वीस अंशांनी तापली तर १४ मिमीचं भोक सुमारे तीन मायक्रॉन मोठं होतं, म्हणजे आपली सगळी फटच त्यात जाते. पिस्टन जुळवताना तर दोन्ही भाग निदान पंधरा मिनिटं एकाच लोखंडी प्लेटवर ठेवावेत.

पिस्टन

बीड कोरडंच कापायचं. त्याची काळी भुकटी तेलात मिसळली की लेथच्या बेडवर लॅपिंग पेस्टच तयार होते, म्हणून आधी बेड पुसून कोरडा करा आणि नंतर नीट साफ करा. ओतीव बार असेल तर पहिला कट खोल घ्या. वरच्या कातडीत वाळू आणि कडकपणा असतो, आणि टूल नुसतं घासत राहिलं तर धार गेलीच.

पिस्टन बारपासून तोडायची घाई नको. बाहेरून १४.३ मिमीपर्यंत आणा, आतून कोरून भिंत सुमारे १.३ मिमी ठेवा. मग बारसकट व्ही-ब्लॉकमध्ये धरून कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनचं भोक पाडा: आधी सेंटर ड्रिल, मग ३.८ मिमी आणि शेवटी ४ मिमीचा रीमर, दोन्ही भिंतींतून एकाच दमात. भोक तिरकं गेलं तर पिस्टन सिलेंडरच्या एकाच बाजूला रेटत राहतो.

त्यानंतर बार फोर-जॉ चकमध्ये डायल लावून सेंटर करा आणि बाहेरचा व्यास सिलेंडरपेक्षा एक ते दीड शतांश मिमी जास्त ठेवून फिनिश करा. बारच्या दांड्यावरच अॅल्युमिनियमच्या चिरलेल्या रिंगने बाहेरून लॅप करा. रिंगला एक स्क्रू असतो, तो हळूहळू आवळत जायचा. सिलेंडरमध्ये पिस्टन घालून पेस्टने एकमेकांवर घासायचा मोह होतो. तसं केलं तर मेहनतीने आणलेला टेपर जातो आणि कण बिडात बसतात.

प्रत्येक वेळी धुऊन, पातळ तेलाचा थेंब लावून पिस्टन खालून घालून पाहा. खाली तो अंगठ्याने सहज सरकावा, आणि वरच्या शेवटच्या चार-पाच मिमीत जाणवेल इतका घट्ट व्हावा. तिथे पोचलात की थांबा आणि पिस्टन तोडा.

वरचा कॉन्ट्रा पिस्टन, म्हणजे सिलेंडरचं वरचं तोंड बंद करणारा आणि दाब कमी-जास्त करणारा छोटा पिस्टन, त्याच बारमधून निघतो. तो याहून थोडा घट्ट हवा, स्क्रूने खाली जाणारा आणि स्क्रू सैल केल्यावर इंजिनच्या दाबाने परत वर येणारा.

तपासणी आणि पहिली फेरी

दोन्ही भाग गरम साबणाच्या पाण्याने ब्रश मारून धुवा, पांढऱ्या फडक्यावर काळं उमटेनासं होईपर्यंत. लगेच तेल लावा, नाहीतर तासाभरात गंज धरेल. वरचं तोंड कॉन्ट्रा पिस्टनने बंद ठेवून पिस्टन पोर्टच्या वर दाबून सोडा. त्याने उसळी मारून परत यावं. दाबून धरल्यावर काही सेकंदांनीही उसळी उरत असेल तर जुळणी चांगली आहे. लगेच मऊ पडत असेल तर नळी ठेवा आणि पिस्टन नवा करा. त्याला एक संध्याकाळ लागते, नळीला बऱ्याच जास्त.

इंधनाचं पारंपरिक प्रमाण तिन्ही घटकांचे समान भाग असं आहे. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत लांबवर पसरते, तेव्हा मिश्रण घराबाहेर करा, आणि आसपास कुठेही पेटतं काही नको. सुरुवातीला सुई (इंधनाचं प्रमाण ठरवणारा नीडल व्हॉल्व्ह) मोकळी ठेवून, इंधन सढळ देऊन, एकेक मिनिटाच्या फेऱ्या घ्या आणि मध्ये इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. एक्झॉस्टमधून येणारं तेल पहिल्यांदा काळपट असतं. ते स्वच्छ दिसायला लागलं की सुई हळूहळू आवळायला हरकत नाही. दिवसाचं काम झालं की आत पातळ मशीन ऑइल सोडून प्रॉपेलर हाताने दोन-चार वेळा फिरवा, कारण एरंडेल आत सुकलं की ते गोंदासारखं धरतं.