नागपुरात राहून ऑडिशनचा हंगाम कसा निभवावा

नागपूरच्या नटाची खरी अडचण अशी की, त्याच्याकडे कामे येतात ती एकदमच. पावसाळा सरता सरता राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी रंगात येतात, दिवाळीनंतर झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावी रात्रभर चालणारी नाटके सुरू होतात आणि मुंबईच्या ऑडिशन तर बारमाही चालूच असतात. त्यामुळे पहिले काम अभिनयाचे नसून तारखांचे आहे.

कॅलेंडर समोर ठेवून आपण कोणाला बांधलेलो आहोत, हे आधी लिहून काढावे. झाडीपट्टीच्या नाटक मंडळांचे केंद्र असलेल्या वडसा-देसाईगंजच्या एखाद्या मंडळाशी हंगामाचा करार केला असेल, तर आज या गावी आणि उद्या त्या गावी रात्रभर प्रयोग करणाऱ्या नटाला मुंबईचे बोलावणे ऐनवेळी स्वीकारता येत नाही. आणि दिलेली तारीख मोडणाऱ्याला पुढच्या वर्षी तिथे कोणी विचारत नाही. माझे मत विचाराल तर, ज्याला आवाज आणि हजरजबाबीपणा कमवायचा आहे, त्याने एक हंगाम झाडीपट्टीला द्यावा आणि त्या काळात मुंबईचा नाद सोडावा.

त्यानंतर आपले प्रोफाइल तयार करावे. त्यात अलीकडचे, फिल्टर न लावलेले चार-पाच फोटो असावेत आणि नाव, वय, उंची, शहर, येणाऱ्या भाषा व केलेली कामे सांगून शेवटी डावी-उजवी बाजू दाखवणारा एक इंट्रो व्हिडिओ असावा. भाषांमध्ये वऱ्हाडी किंवा झाडीबोली येत असल्यास ती आवर्जून सांगावी. प्रमाण मराठी स्वच्छ बोलता यायलाच हवी. मात्र ‘करून राहिलो’ हे ज्याच्या तोंडी सहज येते, त्याने ते पुसून टाकण्याचा खटाटोप करू नये, कारण वैदर्भीय पात्र लिहिले जाते तेव्हा नेमका तोच लहेजा शोधला जातो.

बहुतेक ठिकाणी पहिली चाळणी आता सेल्फ टेपवरच, म्हणजे घरी स्वतः चित्रित करून पाठवलेल्या ऑडिशनवरच होत असल्याने खरी मेहनत इथे घ्यावी. साध्या, एकरंगी भिंतीसमोर उभे राहावे, फोन डोळ्यांच्या उंचीवर स्टँडवर आडवा लावावा आणि थेट ऊन न येणाऱ्या खिडकीकडे तोंड करावे. समोरच्या पात्राचे संवाद वाचणारा माणूस कॅमेऱ्याला अगदी लागून उभा असावा आणि त्याने हळू, सपाट आवाजात वाचावे; हौशी मित्र स्वतःच अभिनय करू लागला, तर टेप त्याचीच होते. नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक पेच असतो. कूलर चालू ठेवला तर त्याच्या घरघरीत संवाद बुडतात आणि बंद केला तर दुसऱ्या टेकपर्यंत कपाळ घामाने चमकू लागते. म्हणून पारा ४५ अंशांकडे सरकणाऱ्या मे महिन्यात टेपचे काम सकाळी लवकर, रस्त्यावर हॉर्न सुरू होण्याआधी उरकावे. दोन-तीन चांगले टेक मिळाले की थांबावे. फाइलला नाव, वय, उंची आणि पात्राचे नाव द्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर चित्राचा दर्जा उतरतो.

मुंबईला जावे ते बोलावणे आल्यावरच. नुसते ‘भेटून येऊ’ म्हणून केलेल्या फेरीत प्रवासखर्चाखेरीज सहसा काही पदरी पडत नाही. बोलावणे बहुधा एक-दोन दिवस आधी येते, म्हणून तत्काळची वेळ लक्षात ठेवावी: गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता आरक्षण उघडते. दुरांतो किंवा विदर्भ एक्सप्रेसने रात्र काढून सकाळी सीएसएमटीला उतरल्यावर हार्बर मार्गाने थेट अंधेरी आणि तेथून मेट्रोने वर्सोवा गाठता येते. आरामनगरमधील ऑडिशनची ठिकाणे तिथून जवळ आहेत. त्याच दिवशी दुपारनंतरची वेळ मागून घ्यावी, कारण रात्रभर गाडीत अवघडलेला चेहरा कॅमेरा लपवत नाही.

दारातच कोणी पाहून ‘अनफिट’ म्हणाले, तर वाद घालू नये; त्या पात्राचे वय किंवा चण वेगळी हवी असते, एवढाच त्याचा अर्थ. आत गेल्यावर प्रसंग नीट वाचावा, दिग्दर्शनाची सूचना मिळाल्यास पहिला टेक विसरून ती करून दाखवावी आणि निघावे. घरी परतल्यावर तारीख, पात्र, घातलेले कपडे आणि भेटलेल्या माणसाचे नाव वहीत टिपावे. पुन्हा बोलावले गेल्यास तेच कपडे घालावे लागतात. निकालासाठी रोज मेसेज करू नये. नकार बहुधा कळवला जातच नाही.

नोंदणी, कार्ड किंवा ‘भूमिका पक्की करण्यासाठी’ कोणी पैसे मागितले, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. भूमिका मिळाल्यावरही हिशेब कच्चा ठेवू नये. मालिकांचे मानधन साधारणपणे ९० दिवसांनी हाती येते, म्हणून मुंबईतील तीन-चार महिन्यांचे भाडे आणि जेवण यांची सोय आधी करूनच होकार कळवावा.